लेकीच्या घरी मुक्काम

सांगलीत स्वस्तात राहायचं असेल तर मी राहिले त्या लॉजवर राहू नका, हे आधीच सांगून टाकते. नाव सांगत नाही, चालवणाऱ्याचं पोट आहे त्याच्यावर. पण मोबाईलवर दिसणारी पांढरी चादर, उशीवरचं गुलाबाचं फूल आणि ‘नदीकाठी शांत वातावरण’ यातलं तिथं काही नाही. चादरीला फिनेलचा वास येतो. नदी दोन गल्ल्या पलीकडं आहे. आणि शांततेचं म्हणाल, तर शेजारच्या खोलीतला माणूस कुशीवर वळला तरी आपल्याला कळतं.

तरी मी तिथं गेले, आणि म्हाताऱ्या आईला घेऊन गेले. कारण लॉज व्हायच्या आधी ते माझ्या थोरल्या बहिणीचं घर होतं.

आक्काचे मालक, म्हणजे आमचे दाजी, हळदीच्या पेठेत एका व्यापाऱ्याकडं दिवाणजी होते. त्यांनी गावभागात खाली चार आणि वर दोन खोल्यांचं घर बांधलं. आधी दाजी गेले, मग दोन वर्षांपूर्वी आक्का गेली. घर दाजींच्या पुतण्याकडं गेलं, त्यानं ते चालवायला दिलं, आणि घेणाऱ्यानं मध्ये प्लायवूडच्या भिंती घालून त्याच्या नऊ खोल्या केल्या. यात कुणाचं चुकलं असं मी म्हणत नाही. रिकामं घर कोण किती दिवस झाडत बसणार?

आता आईचं सांगते, म्हणजे पुढचं सगळं समजेल. आमच्याकडं लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरी जेवत नाहीत. जुनी माणसं पाणीसुद्धा घेत नाहीत. पहिलं नातवंड झालं की ही बंदी उठते, मग काय, महिना महिना मुक्काम. माझी थोरली झाली तेव्हा आई माझ्याकडं साताऱ्याला आली, पाटावर बसून पोटभर जेवली आणि आमटीत मीठ कमी पडलंय म्हणून मला ऐकवूनही गेली. आक्काला मूल झालं नाही. त्यामुळं आईनं आक्काच्या घरी कधीच घोटभर पाणी घेतलं नाही.

जायची मात्र. वर्षातून दोन-तीनदा सकाळच्या एस.टी.नं निघायची आणि दिवस मावळायला परतीच्या गाडीत असायची. सोबत फडक्यात बांधलेली भाकरी आणि पितळेचा फिरकीचा तांब्या. आमचं गाव माणमधलं, दहिवडीच्या पुढं. उन्हाळ्यात टँकर आला की बायका घागरी घेऊन धावतात असलं गाव. तिथलं पाणी तांब्यात भरून आई कृष्णेकाठच्या सांगलीला न्यायची आणि लेकीच्या घरात बसून ते प्यायची. आक्का हसायची. म्हणायची, “आई, सांगलीला पाणी घिऊन येणारी तू एकटीच गं.”

आणि तरी आक्का दरवेळी स्वयंपाक करायची. पुरणपोळी, कटाची आमटी, तळण. आईपुढं ताट वाढायची, आई ताटाला हात लावून नमस्कार करायची, आणि मग तेच ताट आक्का स्वतः जेवायची. गावात परतल्यावर शेजारपाजारच्या बायका विचारायच्या, “काय केलतं गं लेकीनं?” आणि आई एकेक पदार्थ सांगत बसायची, जसं काही स्वतःच खाऊन आलीय.

दहिवडीहून विटा

आईचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात घरी लोणच्याच्या बरण्या पुसत होते.

“नंदे, आक्काच्या घरात आता कुणालाबी ऱ्हायला देत्यात म्हणं. पैसं दिलं की झालं.”

“व्हय. लॉज झालंय तिथं.”

“कुणीबी ऱ्हातंय, मग मी का न्हाई? मला ने.”

मी तिला ऊन सांगितलं, गुडघे सांगितले, गाड्या बदलणं सांगितलं. तिचं एकच, मला ने. आमचे हे म्हणाले, “सांगलीत माझ्या चुलत्यांचं घर असताना लॉजवर उतरणार? त्यांना कळलं तर जन्मभर बोलतील.” ते खरं होतं. आमच्या भागात पै-पाव्हणा असताना लॉजवर उतरणं म्हणजे त्या पाव्हण्याच्या तोंडावर दार लावण्यासारखं. म्हणून आम्ही कुणालाच कळवलं नाही. मुलानं मोबाईलवर खोली ठरवून दिली आणि मी आदल्या दिवशी वडूजवरून गावाला पोचले.

सकाळी आई तयार होती. ऐंशी कधीच ओलांडलेली, पाठीत वाकलेली, हातात काठी, पण लुगडं असं चापून नेसलेली की मला माझ्या साडीची लाज वाटावी. कापडी पिशवीत भाकरी, लसणाची चटणी, आणि तो फिरकीचा तांब्या.

“आई, आता तांब्या कशाला?”

“वाटंला लागंल की.”

एवढ्या वर्षांची सवय, ती काय एका सकाळीत जाणार होती?

दहिवडी सोडलं की मायणीपर्यंत उघडे माळ, त्यांच्यावर पवनचक्क्या आणि खाली मेंढरं. आई खिडकीशी बसून कुणाच्या मेंढरांची लोकर कातरायला झालीय ते मला सांगत होती. अलीकडं माणमधल्या काही गावांना कॅनॉलचं पाणी आलंय, तिथं हिरवे पट्टे दिसतात. आमच्या शिवाराला वळसा घालून ते पाणी पुढं गेलं. आई त्या पट्ट्यांकडं बघायची आणि पदर नीट करायची.

विट्याच्या स्टँडवर गाडी बदलताना घोटाळा झाला. पिशवी उचलली तर खालून धार. तांब्याची फिरकी ढिली राहिली होती. भाकरीचं फडकं भिजलं, आणि आईनं सांगलीत नेसायला घेतलेली आक्कानंच दिलेली हिरवी साडी ओलीचिंब झाली. मी साडी पिळायला लागले तर आई म्हणाली, “साडीचं ऱ्हाऊ दे. पाणी किती ऱ्हायलं बघ.” अर्धा तांब्या उरला होता. तिचा चेहरा असा उतरला की मीच शेजारच्या टपरीवरून चहा आणला. तो मात्र तिनं आवडीनं घेतला. टपरीवाला काही तिचा जावई नव्हता.

तासगावच्या बाजूला द्राक्षांच्या बागा लागल्या. मांडवाखाली ठिबकच्या नळ्या, बागेत माणसं औषध मारत होती. आई म्हणाली, “द्राक्षाला बी घोटघोट पाणी पाजत्यात.” मी हो म्हटलं. तिच्या मनात काय होतं ते मला ठाऊक होतं आणि मला त्यात शिरायचं नव्हतं.

आक्काचं घर, आताची खोली नंबर तीन

रिक्षावाल्याला आईनं लॉजचं नाव सांगितलंच नाही. “दिवाणजीचं घर,” म्हणाली. त्याला काय कळणार. शेवटी मी मोबाईल दाखवला.

घर ओळखू आलं ते फक्त दाराच्या पायरीवरून. भिंतीला निळा पत्रा, त्यावर दिव्यांची माळ, दारात चपलांचा स्टँड. तिथं आक्काची तुळस होती. पायरीच्या कडेला बुटका पितळी नळ मात्र तसाच होता. आक्का पहाटे तिथं बसून पाणी भरायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायची. नळाखाली आता चादरींचा ढीग भिजत होता.

टेबलामागं मॅनेजर बसला होता, इस्लामपूरकडचा, वागायला वाईट नव्हता. आमची आधार कार्डं बघून म्हणाला, “आवं मावशी, गाव माण व्हय? मग सांगलीत कोण पाव्हणं न्हाईत का?”

आई म्हणाली, “हाईत की. लेकीचं घर हाय.”

“मग लॉजवर कशाला उतरताय म्हाताऱ्या माणसाला घिऊन?” हे मला. मी सही करत होते ती करतच राहिले. आईनंच उत्तर दिलं.

“हेच हाय लेकीचं घर.”

त्यानं खुर्ची मागं सारली, उठून उभा राहिला आणि किल्ल्यांच्या फळीकडं बघत म्हणाला, “कुठली खोली देऊ, आजी?”

“सैपाकघर.”

स्वयंपाकघराची खोली नंबर तीन झाली होती. दार उघडलं आणि मला वाईट वाटायच्या आधी राग आला. ओटा तोडून तिथं पलंग कोंबलेला. खिडकीतून आक्काला शेजारणीचं अंगण दिसायचं, तिथं आता एसीचं खोकं, आणि तो एसी चालू नव्हता. महापुराच्या साली पाणी जिथवर चढलं होतं तिथं भिंतीला ओल आली होती. ती झाकायला धबधब्याचं चित्र चिकटवलं होतं, ते अर्धं सुटून लोंबत होतं. महापुरात आक्का वरच्या मजल्यावर अडकली होती. तिथून तिनं आईला फोन केला होता, “आई, आता घरात पाणीच पाणी झालंय, आता तरी ये नि पी.” अशी होती आमची आक्का. घर बुडत असताना चेष्टा करायची.

आई पलंगावर बसलीच नाही. भिंतीला धरून ती खोलीभर चालली, पायानं जमीन चाचपत. जमिनीवर प्लास्टिकची चटई अंथरली होती. पलंगाच्या पायापाशी ती थांबली आणि म्हणाली, “नंदे, हे उचल.”

मी चटई उचलली. फरशीत सिमेंटचा एक गोल होता, परातीएवढा. आक्काचं उखळ. पुरलेलं उखळ काढणं जड गेलं असेल म्हणून ते सिमेंट भरून बुजवलं होतं. आई खाली बसली आणि त्या गोलावर तळहात ठेवून बसली. मी तिच्या शेजारी बसले. बाहेर कुणीतरी मोठ्यानं टीव्ही लावला होता, कसल्यातरी साबणाची जाहिरात चालली होती.

मग आई म्हणाली, “आता पाणी आण.”

मी न्हाणीतला नळ सोडला. पाणी आलं ते पिवळट, तोंडात घेतलं तर मचूळ. मॅनेजरकडं गेले. तो म्हणाला, “त्ये बोअरचं हाय ताई, वापरायचं. प्यायला बाटली देतो.” सीलबंद बाटली घेऊन आले. आईनं ती हातात घेतली, फिरवून बघितली, परत दिली.

“हे इकतचं. हे लेकीच्या घरचं न्हाई.”

“मग इथं लेकीच्या घरचं पाणी आणू कुठनं मी?” मी जरा जोरातच बोलले.

जेवणाचं तेच. लॉजवर स्वयंपाक नाही, बाहेरून मागवा म्हणाले. मागवलेल्या ताटातली डाळ गोड आणि चपात्या वातड. आईनं ते ताट माझ्याकडं सरकवलं आणि फडक्यातली भाकरी सोडली. भिजून तिचा लगदा झालेला. बुजवलेल्या उखळापाशी बसून ती चटणीशी ती भाकरी खात होती, वर तांब्यातलं उरलेलं माणचं पाणी घोटघोट पीत होती. इतकी वर्षं जे चाललं होतं तेच पुन्हा. फक्त समोर ताट वाढणारी नव्हती.

ते बघून माझा तोल गेला. मनातलं एवढ्या वर्षांचं ओठांवर आलं.

“आई, आक्का जिती असताना एक घोट घेतला असतास तर काय झालं असतं? पन्नाशी उलटल्यावर तिनं किती विनवलं तुला. म्हणाली, आता कसलं मूल आई, आता तरी पी. तरी न्हाई प्यालीस. आता ह्या पोपडं धरलेल्या भिंतीत पाणी शोधतीयास.”

आईनं घास खाली ठेवला. मला वाटलं रडेल. ती रडली नाही.

“पाणी न्हाई प्यालं तर लेकीची कूस उजवती, असं माझ्या सासूनं सांगितलं हुतं. म्हणून धरलं. मग तिचं वय गेलं. मलाबी कळत हुतं की गं, मी काय खुळी हाय? पर मी पाणी प्याले असते, म्हंजी माझ्या तोंडानं मीच म्हणल्यासारखं झालं असतं, की हिला आता हुयाचं न्हाई. सगळं गाव म्हणत हुतं. तिची सासू म्हणत हुती. आईनं बी म्हणायचं?”

लहानपणापासून मला वाटत आलं होतं की आई रूढीला चिकटून बसलीय. माझ्या घरी ती तुपात बुडवून पोळी खायची तेव्हा आक्कासाठी मला वाईट वाटायचं, आणि आईचा रागही यायचा. आईनं एकटीनं आस धरून ठेवली होती हे मला त्या कोंदट खोलीत पहिल्यांदा कळलं. आक्काला ते कधी कळलं होतं का, कुणास ठाऊक. मी आईच्या पाठीवरून हात फिरवला. तिनं भाकरीचा उरलेला तुकडा माझ्या हातात दिला आणि मी तो खाल्ला.

पायरीजवळचा नळ

सकाळी उठले तर आई खोलीत नव्हती. दार उघडं. मी तशीच धावत बाहेर आले.

ती पायरीवर बसली होती, अंगावर ती हिरवी साडी, रात्रभर पंख्याखाली वाळवलेली. नळाला महापालिकेचं पाणी आलं होतं. लॉजच्या चादरी धुणारी बाई नळाखाली बादली लावून बसली होती. चाळिशीतली, पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत फेसात.

आई तिला म्हणत होती, “बाई, एवढा तांब्या भरून दे.”

“आवं आजी, हे चादरी धुयाचं पाणी हाय. घरनं फिल्टरचं आणून देऊ का? हितंच हाय माझं घर.”

“न्हाई. ह्योच नळ.”

त्या बाईनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तिनं बादली बाजूला केली, हात धुतले, तांब्या घ्यायला पुढं झाली. पण आईनं तो लगेच दिला नाही. तांब्यात अजून तळाला घोटभर पाणी होतं. ते ओतून टाकणं आईला जमणार नव्हतं. पाणी ओतून टाकलेलं मी तिला आयुष्यात कधी पाहिलं नाही.

“हे माणचं हाय,” आई म्हणाली. “लांबनं आणलंय. तू पी.”

त्या बाईनं ओंजळ केली, आईनं वरून पाणी धरलं, ती प्याली. ओला हात तोंडावरून फिरवून म्हणाली, “ग्वाड हाय की.”

“पोरं किती तुला?”

“दोन.”

“मग आई पीत असंल तुझ्या घरचं पाणी.”

“न पिऊन जाईल कुठं? आली की हालत न्हाई महिनाभर.” ती हसली आणि तांब्या नळाखाली धरला.

आईनं भरलेला तांब्या दोन्ही हातांनी घेतला. उठून चपलांच्या स्टँडवरून, जिथं तुळस असायची, उंबऱ्याच्या आत गेली. मॅनेजर टेबलामागून उठून आला होता, पण मध्ये आला नाही. आई दाराकडं पाठ करून, घराकडं तोंड करून उभी राहिली. आधी तिनं नमस्कार केला, आक्काच्या ताटाला करायची तसाच. मग तांब्या तोंडाला लावला आणि मध्ये श्वास न घेता सगळा प्याली. थोडं पाणी हनुवटीवरून हिरव्या साडीवर ओघळलं, ते तिनं पुसलं नाही.

मला रडू आवरलं नाही. मी भिंतीकडं तोंड केलं. मागून त्या बाईचा आवाज आला, “काय झालं ओ ताई?” मी काय सांगणार? म्हणाले, “काय न्हाई. आई लेकीकडं आलीय.”

आवरून निघताना मॅनेजर म्हणाला, “आजी, परत या.” आईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, पण येते म्हणाली नाही. सांगलीला आलं की गणपतीला जायचं, भडंग घ्यायचं, हे सगळे करतात. आम्ही काही केलं नाही. सरळ स्टँडवर गेलो. विट्याला मी चहा विचारला तर नको म्हणाली. तांब्या तिच्या मांडीवर होता, रिकामा, फिरकी घट्ट लावलेली.

संध्याकाळी गावात उतरलो. पारावर शेजारची पारूमावशी शेळी घेऊन उभी होती.

“कुठं गेलतीस गं, दोन दिस दिसली न्हाईस?”

“लेकीकडं. मुक्कामाला.”

“काय केलतं लेकीनं?”

बोलून गेली आणि पारूमावशीनं जीभ चावली. तिलाही ठाऊक होतं आक्का राहिली नाही ते. सवयीनं तोंडातून गेलं होतं. शेळीची दोरी तिच्या हातात तशीच राहिली. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेणार, तेवढ्यात आई म्हणाली,

“काय न्हाई केलतं. पाणी दिलं. प्याले.”

आणि काठी टेकत घराकडं चालायला लागली.